तिसऱ्या प्रकरणातली खुर्ची

सोमवार, २ सप्टेंबर

बावीस वर्षं विद्यापीठात इंग्रजी शिकवल्यावर आज मला कळवण्यात आलं की मी शिकवत नाही, सेवा देते.

परिपत्रक दीड पानाचं. पुढच्या महिन्यापासून आमचा शैक्षणिक इंग्रजीचा विभाग बंद, त्या जागी 'भाषा साहाय्य केंद्र'. आम्ही नऊ व्याख्याते यापुढे 'साहाय्य कर्मचारी'. वर्ग जाणार, खोल्या जाणार, परीक्षा मंडळावरचं मत जाणार. व्याख्यात्याचं एकच पद राखलं आहे. ज्याला हवं त्याने अर्ज करायचा आणि आपल्या कामाची फाइल जोडायची. मुदत आठ दिवस.

विभागप्रमुखांनी हे सगळं पडद्यावर तक्त्यात मांडून दाखवलं. घरी बायकोशी भांडतानाही हा माणूस तक्ता काढत असावा. मी मनात त्यांना तक्तेसाहेबच म्हणते. मी उभी राहून विचारलं, तीस देशांतली मुलं इथे येऊन प्रबंध लिहितात, मुद्दा कसा उभा करायचा हे त्यांना शिकवणं ही सेवा कशी? ते म्हणाले, प्रश्न चांगला आहे, नोंद घेतो. त्यांच्या हातात पेनसुद्धा नव्हतं.

शेजारी तो बसला होता, ज्याला मी मनात उंच म्हणते. माझ्याच खोलीत बसतो, पस्तिशीचा आहे, दारातून वाकून आत येतो. इंग्रजी त्याच्या आईची भाषा, माझी नोकरीची. दर वर्षी नवी मुलं खोलीत शिरतात आणि माझ्या टेबलावरून पुढे जाऊन त्याच्यासमोर वह्या ठेवतात. पंधरा दिवसांनी परत माझ्याकडे सरकतात, ही गोष्ट वेगळी. सभाभर तो कागदावर जहाजं काढत होता. बाकीच्या सातांनी तिथेच हात टेकले, म्हणजे सामना आम्हा दोघांत.

संध्याकाळी ताईचा फोन. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे लाँड्रीच झाली की गं तुमची. मळकं घ्यायचं, धुऊन द्यायचं." आणि हसली. मी काम आहे म्हणून फोन ठेवला. प्राध्यापक लोक मुलांच्या हाती चिठ्ठ्या पाठवतात, त्यांवर खरोखरच 'इंग्रजी साफ करून द्यावी' असं लिहिलेलं असतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

फाइल करायला बसले. प्रमाणपत्रं, वर्गांची यादी, दोन परिषदा. तीन पानांत संपलं. बावीस वर्षं तीन पानांत.

माझी पद्धत अशी. विद्यार्थ्याच्या ओळीला पेन्सिल लावायची नाही. समासात आकडा घालायचा आणि पानाखाली त्या आकड्याचा प्रश्न लिहायचा. हे कशावरून? कोण म्हणतं? मग पुढे काय? उत्तर शोधता शोधता मूल आपली ओळ आपणच सरळ करतं. पण अशी पानं फाइलला लावून काय दिसणार? समासात प्रश्न, बाकी सगळं दुसऱ्याचं. चांगलं शिकवलेलं दिसतच नाही, ही या पेशाची खोड.

मी दिसते असं पान एकच आहे, चष्मेवालीच्या प्रबंधाचं. ही आधी आठ वर्षं नर्स होती. रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी कशी दिली जाते हा तिचा विषय. मे महिन्यात मुदत दोन दिवसांवर आली तरी तिच्या तिसऱ्या प्रकरणात नुसते आकडेच होते. तेव्हा मी आयुष्यात एकदाच माझा नियम मोडला आणि एक आख्खा परिच्छेद तिच्या खर्ड्यावर माझ्या हाताने लिहिला. अनुभवी नर्स बातमी आधी तोंडाने सांगत नाही. ती खुर्ची हलवते. टेबलाच्या पलीकडून उचलून नातेवाइकाच्या शेजारी आणून ठेवते, आणि खुर्ची हलली की त्या माणसाला कळलेलं असतं. पहिल्या परीक्षकाने या परिच्छेदाखाली शाबासकीची दुहेरी रेघ ओढली. आता तिची फक्त तोंडी परीक्षा उरली आहे.

पान तक्तेसाहेबांना दाखवलं. खाली मी लिहिलं होतं, 'या परिच्छेदासाठी विद्यार्थिनीला मदत केली.'

"मदत हा शब्द काढा," ते म्हणाले. "मदत कर्मचारी करतात. अध्यापक घडवतात."

मग मी लिहिलं, 'या प्रकरणातला मध्यवर्ती विचार मी घडवला.' वाचायला बरं वाटलं. खरंही आहे.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

उंचने फाइल बघायला मागितली. दिली; लपवण्यासारखं काही नाही. ते एक पान काढून टाका म्हणाला. मी कारण विचारलं. म्हणाला, त्या मुलीला त्रास होईल. मी म्हटलं, नियमाप्रमाणे नाव काळ्या शाईने झाकलं आहे. त्याने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे मी संदर्भ दिला होता: प्रबंधाचं शीर्षक, विभाग, वर्ष, प्रकरण, पान.

मग? संदर्भाशिवाय उतारा लावणं या जन्मी मला जमणार नाही. याच गोष्टीसाठी मी पहिल्या वर्षाच्या मुलांचे गुण कापते.

तो परत म्हणाला, काढा ते. ते काढलं की माझ्या फाइलमध्ये राहतं काय? त्याला तेच हवं असणार. पान ठेवलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

फाइल दिली, पोच घेतली.

उंचने अर्जच भरला नाही. विचारलं तर म्हणाला, तारीख विसरलो. त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर हातभर कॅलेंडर टांगलेलं आहे. एवढी चांगली भाषा ज्याला आयती मिळाली तो माणूस इतका ढिला असावा! मला त्याची कीवच आली. माझा रस्ता मात्र मोकळा झाला.

घरी यांना सांगितलं. आमचे हे पुलांची कामं करून निवृत्त झालेले. कमी बोलतात आणि तेही वर्तमानपत्राच्या आडून. "विसरला?" एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, चहा हवा असेल तर तोंडाने मागावा.

सोमवार, १६ सप्टेंबर

डीनच्या कार्यालयातून पत्र. माझ्या अर्जाबद्दल असेल म्हणून उभ्या उभ्याच फोडलं.

अर्जाबद्दल नव्हतं. फाइली तपासणाऱ्या समितीवर परिचर्या, म्हणजे नर्सिंग, विभागाचा एक प्राध्यापक आहे. त्याने माझं पान वाचलं, खालचा संदर्भ बघितला, ग्रंथालयातून प्रबंध काढला आणि परिच्छेद ताडून पाहिला. शब्दाला शब्द जुळला. चष्मेवालीची तोंडी परीक्षा थांबवली आहे. प्रबंध दुसऱ्याने लिहिल्याच्या संशयावरून शुक्रवारी चौकशी. साक्षीला मी.

म्हणजे पुरावा मीच जोडून दिला. पान क्रमांकासकट.

उंचने पत्र वाचून परत दिलं. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर निदान चार शब्द ऐकवता आले असते.

मंगळवार, १७ सप्टेंबर

चष्मेवाली आली. दारातच उभी. बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला बसली. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने पिशवीतून पेन्सिल काढली आणि वही उघडली.

"मॅडम, शुक्रवारी मी काय बोलायचं ते सांगा. मी लिहून घेते."

मला भयंकर राग आला. तिच्यावर ठपका येणार आहे, नाव कमी होईल, परतीचं तिकीट हातात पडेल, आईला सांगून आठ वर्षांची नोकरी सोडून आलेली मुलगी, आणि हिला उत्तरही माझ्याकडून लिहून हवं. मी म्हटलं, खरं काय ते तुला माहीत आहे, तेच सांग.

"तुम्ही जे सांगाल ते खरं, मॅडम."

मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. दोन वर्षं समासात प्रश्न लिहून लिहून माझ्या पेन्सिली झिजल्या, हे कशावरून, कोण म्हणतं, आणि फळ काय तर हे! ती खाली मान घालून सगळं ऐकत होती. जाताना माझे आभार मानून गेली. माझ्यापुढे या मुलीचं तोंड का उघडत नाही, देव जाणे. मी तर नेहमी म्हणते, बोला.

बुधवार, १८ सप्टेंबर

सकाळी टेबलावर विद्यार्थ्यांची नियमपुस्तिका उघडी ठेवलेली, एका कलमावर पेपरवेट. उंचचं काम. तो वर्गावर गेला होता.

कलम साधं आहे. प्रबंधात साहाय्य कर्मचाऱ्याने भाषा दुरुस्त केली तर चालते. विद्यार्थ्याचं म्हणणं त्याने नीट शब्दांत लिहून दिलं तरी चालतं. पण अध्यापकाने विचारात भर घातली असेल तर तो सहलेखक, आणि सहलेखक असलेला प्रबंध बाद.

मी तीनदा वाचलं. मे महिन्यातल्या त्या दिवशी मी अध्यापक होते असं म्हटलं, तर माझी फाइल खरी आणि मुलगी घरी. मी मदतनीस होते म्हटलं, तर मुलगी सुटली आणि मी गेले लाँड्रीत.

नियम करणाऱ्याला समोर बसवून समासात आकडे घालावेसे वाटले.

यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, हे विशेष.

"तो परिच्छेद लिहिला कोणी?"

"मी."

"आणि खुर्चीचं कोणाला सुचलं?"

मी म्हटलं, अहो, इतकं सोपं नसतं ते, शिकवताना दोघांच्या बोलण्यातून विचार तयार होतो, त्याला अमुकाचा तमुकाचा असं लेबल लावता येत नाही.

"बरं," हे म्हणाले. "पण तू कधी दवाखान्यात काम केलं आहेस?"

मी उठून कपडे वाळत घातले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

दर भेटीनंतर मी भेटवहीत दोन ओळी लिहून ठेवते. तारीख, वेळ, काय झालं. बावीस वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. मे महिन्याची वही सोमवारपासून माझ्या खणात होती. आज उघडली. आधी का नाही उघडली, याला माझ्याकडे उत्तर नाही. असेलही, इथे लिहीत नाही.

माझ्याच अक्षरात आहे:

'दु. ३ ते ४.१५. प्रकरण ३. बातमी कशी देतात असं विचारलं तर उत्तर नाही. विद्यार्थिनी विषय सोडून उठते, खोलीतल्या खुर्च्या हलवून दाखवते. वेळ कमी आहे म्हणून बसवलं. पुन्हा उठून खुर्ची माझ्याशेजारी आणली. तुटक बोलली. सांगितलं ते लिहून घेतलं.'

विषय सोडून! असं लिहिलं आहे मी.

आता सगळं आठवतं. तिने खुर्ची ओढली तेव्हा पाय फरशीवर कर्कश वाजले आणि मी म्हटलं होतं, खाली वर्ग चालू आहे. एकदा बसवलं तरी ती परत उठली. माझ्याशेजारी बसून, माझ्याकडे न बघता, दहाबारा शब्दांत तिने सगळं सांगितलं. मला ते फार आवडलं, म्हणून घाईघाईने मीच लिहून टाकलं. घरी येताना बसमध्ये तो परिच्छेद माझ्या डोक्यात घोळत होता, माझ्याच शब्दांत. चार महिने तसाच घोळत राहिला असणार. त्यातून ती मुलगी कधी गळून पडली, कळलं नाही.

वाक्यं मात्र माझी आहेत. ती चांगली आहेत. एवढं तरी खरं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

चौकशी सव्वा तास चालली. लांबट टेबल, पलीकडे अध्यक्षबाई, परिचर्येचा प्राध्यापक आणि टिपणं घेणारा कारकून. तक्तेसाहेब कोपऱ्यात. चष्मेवाली माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, हात मांडीवर.

आधी तिला विचारलं. ती म्हणाली, परिच्छेद मॅडमच्या इंग्रजीत आहे. एवढंच, आणि माझ्याकडे बघितलं, जणू बरोबर आलं का हे विचारत होती. प्राध्यापकाने पुढे दोनदा खोदून विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर.

मग माझी पाळी. माझ्या फाइलमधलं वाक्य अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचलं. 'मध्यवर्ती विचार मी घडवला.' दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते पहिल्या वर्षाच्या मुलाचं वाक्य वाटलं. कशावरून? कोण म्हणतं?

मी भेटवही पुढे सरकवली आणि ती नोंद वाचायला सांगितली. 'विषय सोडून उठते' इथे बाई थांबल्या आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. सवय नाही.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही तिथे नेमक्या काय म्हणून बसला होतात?"

"लेखनिक म्हणून," मी म्हटलं. "तिने सांगितलं, मी लिहून घेतलं."

"मग फाइलमधलं विधान?"

"चूक आहे. मी ते मागे घेते."

प्राध्यापकाने विचारलं, हे बोलल्याने तुमच्या अर्जाचं काय होईल याची कल्पना आहे ना. मी म्हटलं, नियमपुस्तिका मी वाचली आहे. आपणही वाचली असेल अशी आशा. कोपऱ्यात तक्तेसाहेब स्वतःचे बूट न्याहाळत होते. 'घडवतात' हा शब्द त्यांनी दिला होता, हे मी बोलले नाही. लिहिला मी.

बाहेर आल्यावर चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही लेखनिक नाही." मी म्हटलं, आत बोलायला हवं होतंस. मग वाटलं, हे वाक्य गिळायला हवं होतं. तोपर्यंत ती जिन्यात पोचली होती.

बुधवार, २५ सप्टेंबर

चष्मेवाली निर्दोष. तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी. मला प्रत पाठवली आहे.

माझ्या अर्जाचं काहीच कळत नाही. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका मुलाच्या निबंधात समासात आकडे घातले आणि प्रश्न लिहायचेच विसरले. तो बिचारा अकरा आकड्यांची उत्तरं शोधून आला. बरी होती.

ताईला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू? तिच्या शेजारपाजारी मी प्रोफेसर आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर

तक्तेसाहेबांनी अकराला बोलावलं. ते प्रमुख झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत त्यांच्या खोलीत मी शंभरदा गेले असेन. ते नेहमी टेबलापलीकडे, संगणकाच्या पडद्याआड. आपण अलीकडे, दाराकडे पाठ.

आज मी बसले आणि ते उठले. मला वाटलं खिडकी लावायला. त्यांनी आपली चाकांची खुर्ची ढकलत टेबलाला वळसा घातला, एक चाक गालिच्यात अडकलं, ते सोडवलं, आणि खुर्ची माझ्याशेजारी आणून ते बसले. भिंतीकडे बघत त्यांनी घसा खाकरला.

मला सगळं कळलं. त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं.

पुढे ते बरंच बोलले. पद यंदा कोणालाच नाही, पुढे बघू, माझ्या सेवेबद्दल विद्यापीठाला फार आदर आहे. आज हातात तक्ता नव्हता, त्यामुळे वाक्यं पूर्ण होत नव्हती. मी ऐकत नव्हते. मी चष्मेवालीच्या तिसऱ्या प्रकरणाचा विचार करत होते. बावीस वर्षं मुलांना विचारत आले, कशावरून, आणि एका मुलीने पुरावा अंगाजवळ आणून ठेवला होता तर मी तिला वेळ कमी आहे म्हणून बसवलं.

निरीक्षण अचूक आहे. तिचंच आहे.

निघताना साहेब म्हणाले, फार शांतपणे घेतलंत तुम्ही. मी म्हटलं, आधी कळलं होतं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

भाषा साहाय्य केंद्राचा पहिला दिवस. तळमजला, पूर्वी इथे सायकली ठेवायचे. दाराशी नंबर देणारं यंत्र. माझ्या गळ्यात पट्टा, त्यावर 'साहाय्य'. माझ्या वह्यांची सहा खोकी उंचने एकट्याने खाली आणली आणि दाराच्या चौकटीवर दोनदा कपाळ आपटून घेतलं. अर्ज वेळेत भरला असता तर आज वर खिडकीपाशी बसला असता, असं मी त्याला बोलले. खरंय, म्हणाला, आणि हसत सुटला. या माणसाला कशाचंच काही वाटत नाही.

ताईला काल सांगून टाकलं. लाँड्री म्हण हवं तर, असंही म्हटलं. ती या वेळी हसली नाही. मग म्हणाली, "अगं, मी तेव्हा गंमत केली." मी म्हटलं, माहीत आहे.

चष्मेवाली गुरुवारी पास झाली. आज नंबर घेऊन, रांगेत बसून, अठरावा पुकारल्यावर आली. काम काही नव्हतं. परीक्षकांनी खुर्चीबद्दल विचारलं तेव्हा तिला शब्द आठवेनात, म्हणून तिने उठून परीक्षकाचीच खुर्ची हलवली म्हणे. हे सांगताना ती न थांबता बोलत होती, चुका करत, हातवारे करत. मी मध्ये तोंड घातलं नाही. मला बऱ्यापैकी त्रास झाला.

इथल्या खुर्च्या लोखंडी दांड्याला तीन तीन जोडलेल्या आहेत आणि दांडा फरशीत बसवलेला आहे. हलत नाहीत. मी दुपारीच सामानाच्या मागणीचा कागद भरला. वस्तू: सुट्या खुर्च्या. नग: दोन. कारणाच्या रकान्यात पूर्ण संदर्भ दिला. लेखिकेचं नाव, प्रबंधाचं शीर्षक, वर्ष, प्रकरण तिसरं, पान एकेचाळीस.